आईच्या कंबरदुखीसाठी तिखाडीचं तेल थेट चोळलं तर चालतं का?

थेट नका चोळू. तिखाडी म्हणजेच रोशा गवत. मेळघाट-यवतमाळकडे धुऱ्यावर, माळावर उगवतं ते. त्याचं भट्टीतून काढलेलं तेल फार तीव्र असतं. नुसतं लावलं तर कातडी लाल होते, चुरचुरते. 30 मिली तिळाच्या तेलात 10-12 थेंब पुरे. जवसाचं तेल घरचं असलं तरी मालिशला नको, ते वाळून चिकट होतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस वाट पाहा. आग झालीच तर लगेच पाणी न ओतता साध्या तेलानं पुसा, मग साबणानं धुवा.

खरं सांगायचं तर दिवसभर निंदण करून आखडलेल्या कमरेला आराम पडतो तो मुख्यतः हाताच्या चोळण्यानं आन् ऊबेनं. सुवासानं मन निवतं, झोप बरी लागते, तेही काही कमी नाही. पण झिजलेला मणका तेलानं भरून येत नाही, दुकानदार काहीही सांगो. पाय बधिर होत असेल, मुंग्या येत असतील तर डॉक्टरच गाठा.

लिंबाच्या सालीचं तेल लावून मात्र उन्हात वावरात जाऊ देऊ नका, चट्टे पडतात. निलगिरी आन् कापराच्या बाटल्या लेकरांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. पोटात गेलं तर झटके येऊ शकतात.