जुन्या साड्यांच्या पट्ट्या जोडून पहिलीच गोधडी शिवायची आहे. साधं घरगुती मशिन आहे, सरळ टीप मारता येते. किती साड्या लागतील आणि सुरुवात कुठून करू?

पाच सुती साड्या पुरतील. त्यात ५ फूट बाय ७ फुटांची, एका माणसाची गोधडी होते. सुरुवातीलाच एक ठरवून टाका: मशिन फक्त वरच्या पट्ट्या जोडायला वापरायचं, थर एकमेकांना जोडायचे ते हातानं, धावदोऱ्यानं. घरगुती मशिनच्या हाताखाली जेमतेम वीतभर जागा असते. चार थरांची गुंडाळी तिथे कोंबली की खालचं कापड गोळा होतं, चुण्या पडतात आणि मग तासन् तास उसवत बसावं लागतं. नवशिक्यांच्या गोधड्या बहुतेक इथेच अडकून माळ्यावर जातात.

आता हिशोब. साडेपाच मीटरची साडी म्हणजे सुमारे २१६ इंच, पन्हा साधारण ४५. तिचे ८६ इंचांचे दोन तुकडे निघतात आणि वर ४० इंचांच्या आसपास कापड उरतं. (नऊवारी असेल तर तीन तुकडे.) चार साड्यांच्या पहिल्या तुकड्यातून साडेतीन इंच रुंदीच्या पाच-पाच पट्ट्या काढा, २० झाल्या. त्याच चार साड्यांचे दुसरे तुकडे आतल्या दोन थरांना. पाचवी साडी अस्तराला, तिचे दोन तुकडे मात्र ८६ ऐवजी ९० इंचांचे काढा. सिंथेटिक साडी यात मिसळू नका, ती सुईखाली सरकते आणि अंगावर घाम धरते.

कापण्याआधी फॉल उसवून काढा आणि जरीचे काठ बाजूला ठेवा. मग साडी खिडकीशी उजेडासमोर धरा. जिथे चाळणीसारखी दिसते तो भाग आतल्या थराला जाऊ द्या, वर घेतलात तर पहिल्या धुण्यातच शिवणीपाशी फाटेल. गडद रंगावर ओला पांढरा फडका घासून बघा. रंग लागला तर ती साडी पुन्हा पुन्हा धुवा, तरीही लागत राहिला तर या गोधडीतून वगळा. एखादं कापड नवंकोरं असेल तर तेही धुऊनच घ्या, नाहीतर ते नंतर एकटंच आटेल आणि शेजारच्या पट्ट्या फुगतील.

पट्ट्या साडीच्या लांबीतच काढा. लांबीचा धागा कमी ताणतो. कडेला साडेतीन इंचांवर कात्रीनं छोटी चीर द्या आणि दोन्ही हातांनी फाडत जा. सुती कापड धाग्याच्या रेषेतच फाटतं, त्यामुळे मोठी पट्टी किंवा खास कटर नसतानाही कडा सरळ मिळते. फाडलेली कडा जरा लाटेसारखी होते, तिच्यावर पाण्याचा शिपका देऊन इस्त्री दाबा. वाकडीतिकडी कापलेली पट्टी मात्र पुढे कितीही ओढली तरी सरळ होत नाही.

सगळ्या पट्ट्या जमिनीवर मांडा, गडद-फिकट आलटून पालटून. मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करून बघा, शेजारच्या दोन पट्ट्या एकाच करड्या रंगाच्या दिसल्या तर एक हलवा. मग प्रत्येकीला नंबराची चिठ्ठी टाचा.

मशिनला १४ नंबरची सुई, टीप इंचाला १० टाके. आधी चिंधीवर मारून बघा. खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसत असतील तर बहुधा वरचा ताण सैल आहे किंवा दोरा नीट ओवलेला नाही. बॉबिनला दोष देऊन तिचा स्क्रू फिरवू नका. शिवणीची दाब, म्हणजे टीपेपासून कापडाच्या कडेपर्यंतची जागा, पाव इंच. सुईपासून पाव इंच मोजून मशिनच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कडा तिला घासत चालवा. हे किरकोळ वाटेल, पण हिशोब करा: दाब एक सूत (इंचाचा आठवा भाग) जास्त गेली तर प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंनी मिळून दोन सूत जातात. २० पट्ट्यांत १९ शिवणी, म्हणजे ३८ सूत. गोधडी पावणेपाच इंचांनी अरुंद! बरोबर शिवलीत तर रुंदी साडेसाठ इंच भरते.

जोडताना एका पट्टीला दुसरी, तिला तिसरी अशी साखळी करू नका. आधी दोन-दोनच्या दहा जोड्या, मग जोड्यांना जोड्या. शिवणीची दिशाही बदलत राहा: एक शिवण या टोकापासून, तिच्या शेजारची त्या टोकापासून. मशिनचे दात खालचं कापड पुढे ओढतात आणि वरचं पायाखाली थोडं मागे राहतं. सगळ्या शिवणी एकाच बाजूनं मारल्या की हा फरक साठत जातो आणि पूर्ण कापड धनुष्यासारखं वाकतं. दर वीतभर अंतरावर टाचणी लावा. टोकाशी पट्टी अर्धा इंच पुढेमागे झाली तर ओढून जुळवू नका, दोन इंच जास्तीचे त्यासाठीच ठेवलेत. शेवटी सगळं ८४ इंचांवर छाटायचं. प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री करून दाब गडद पट्टीकडे वळवा. इस्त्री दाबायची, घासत न्यायची नाही.

अस्तराचे दोन तुकडे मधोमध जोडून ६४ बाय ८८ करा, म्हणजे चारही बाजूंनी दोन इंच जास्त. जमिनीवर ते उलट बाजू वर करून पसरा आणि कडा चिकटपट्टीनं फरशीला ताणून लावा. त्यावर आतले दोन थर, प्रत्येकी ६० बाय ८४. या थरांच्या तुकड्यांची शिवण घालायची गरज नाही, इंचभर एकावर एक ठेवा, फक्त दोन थरांचे सांधे एकाच जागी येऊ देऊ नका. सगळ्यात वर पट्ट्यांचं कापड, सुलट बाजू वर. मधून बाहेर हात फिरवत हवा काढा आणि चार-चार बोटांवर लांब कच्चे टाके घाला. यात आळस केला की पुढचं सगळं वाया.

धावदोरा मधल्या शिवणीपासून सुरू करून दोन्ही बाजूंना सरकत जा. (कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची त्यांची गोधडी काठाकडून आत शिवत नेतात, पण ती ठिगळं जागेवरच लावत जाण्याची वेगळी रीत आहे.) ओळ शिवणीला लागून घाला, दाब वळवलेली बाजू सोडून. तिथे दोन थर कमी असल्यानं सुई सहज जाते. प्रत्येक पट्टीच्या मध्यावर आणखी एक ओळ. एकूण ३९ ओळी, प्रत्येकी ७ फूट, म्हणजे सुमारे ८३ मीटर शिवण. एकेरी जाड सुती दोरा १०० मीटर धरा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा पुरे, अगदी एकसारखा नसला तरी चालतो. दोरा दोन हातांपेक्षा लांब घेतलात तर गुंततो. गाठ हलक्या झटक्यानं थरांच्या आत ओढून घ्या आणि बोटात अंगुस्तान घाला, चार थरांतून सुई ढकलताना नुसतं बोट सोलवटतं.

आतला थर तिसरा घालावा का असं वाटेल. नको. जड होते, बादलीत मावत नाही आणि पावसाळ्यात वाळता वाळत नाही.

शेवटी काठ. वेगळा गोट लावत बसू नका. अस्तराचे जास्तीचे दोन इंच आधी एक इंच आत, मग पुन्हा एक इंच वर असे दुमडून पुढच्या बाजूला आणा आणि बारीक हेम घाला. कोपऱ्याचं टोक आधी तिरपं आत घ्या, मग दोन्ही बाजू त्यावर आणा, म्हणजे जाड गाठोडं होत नाही. कच्चे टाके हेम पुरी होईपर्यंत काढू नका.