‘आता तरी मला निसर्गात राहू द्या’

पन्नाशी ओलांडलेली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ती बहुधा मुलांच्या काळजीने, नाहीतर झोप लागत नाही म्हणून. गेल्या काही वर्षांत मात्र आणखी एक गाऱ्हाणं पुन्हा पुन्हा कानावर येतंय. लहानपणापासून झाडांचं, डोंगरांचं, पाखरांचं वेड. नोकरी आणि मुलांची शिक्षणं यांत सगळा जन्म फ्लॅटमध्ये गेला. आता निवृत्तीनंतर आंबोली म्हणा, दापोली म्हणा, भोर म्हणा, कुठेतरी जाऊन राहावं, तर घरचे तयार नाहीत. सांगणारी कधी बाई असते, कधी पुरुष. शेवटचा प्रश्न जवळपास सारखाच असतो: ‘मी फार काही मागतेय का हो?’

‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ असं उत्तर मी कुणालाच देत नाही. का देत नाही, ते एका जोडप्याच्या अनुभवावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

त्या जीवशास्त्राच्या शिक्षिका. शाळेत सगळे त्यांना ‘बाई’ म्हणत, मीही तेच म्हणत असे. माहेर आजरा तालुक्यातलं, हिरण्यकेशीच्या काठचं. लग्न होऊन पुण्यात आल्या आणि पुण्याच्याच झाल्या. यजमान बँकेतून निवृत्त, अँजिओप्लास्टी झालेली. बाईंनी आंबोलीला एक छोटा बंगला पाहून ठेवला होता. टोकन द्यायची वेळ आली तेव्हा यजमान ‘नाही’ म्हणाले. तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं.

‘चौतीस वर्षं मी यांच्या शहरात राहिले,’ बाई म्हणाल्या. ‘एक वर्ष तरी माझं म्हणता येईल असं दाखवा.’

‘मला झाडं नकोत असं कोण म्हणतंय?’ यजमान माझ्याकडे बघून म्हणाले. ‘रात्री दोनला छातीत दुखायला लागलं तर? सावंतवाडी तिथून तीस किलोमीटर, तेही घाटातून. पावसात दरड आली की संपलंच.’

दोघांचंही खरं होतं. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, दिवसचे दिवस धुक्यात जातात. हे बाईंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं आणि त्यांना ते हवंच होतं. हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या कुंडात सापडलेल्या छोट्या माशाबद्दल त्या बोलू लागल्या, की चेहरा उजळायचा. त्या माशामुळे २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. ‘माझ्या नदीचा उगम तो,’ त्या म्हणायच्या. अशा माणसाला दवाखान्याचं अंतर सांगून गप्प करणं मला अन्यायाचं वाटतं.

मी ज्या पठडीत शिकले तिचा एक विश्वास आहे. माणूस स्वतःच्या आयुष्याची जी गोष्ट सांगतो ती खोटी नसते, पण अपुरी असते. सांगता सांगता तो काही प्रसंग गाळतो आणि उरलेल्या प्रसंगांवरून स्वतःबद्दलचा निकाल देऊन मोकळा होतो. ऑस्ट्रेलियाचे कुटुंब समुपदेशक मायकेल व्हाइट यांनी हा विचार पुढे नेला. इतकी वर्षं काम केल्यावर मी तो अनुभवाने खरा मानते. बाईंचा निकाल होता: ‘माझं निसर्गप्रेम यांच्या संसारात वाया गेलं.’ त्यातून काय गळलंय ते मला शोधायचं होतं.

मी दोघांना घरी करायला एक काम दिलं. लग्नापासून आजपर्यंत जिथे जिथे राहिलात त्या घरांची यादी करा, आणि ते घर का निवडलं ते प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहा. एकमेकांना दाखवायचं नाही.

बाईंची यादी अर्ध्या पानाची होती. पहिली खोली भाडं परवडलं म्हणून. दुसरं घर शाळा जवळ म्हणून. तिसरा, आत्ताचा फ्लॅट, कर्ज तेवढंच मिळत होतं म्हणून.

यजमानांनी दोन पानं लिहिली होती, बँकेतल्या माणसाच्या रेखीव अक्षरात. मी ती बाईंनाच वाचायला सांगितली.

‘पहिली खोली. मागे पेरूचं झाड होतं. हिने आत जाऊन खोली पाहिलीच नाही, मागच्या दारातूनच हो म्हणाली. दुसरं घर, वेताळ टेकडीच्या पायथ्याशी. मला बँकेच्या शाखेत जायला दोन बस बदलाव्या लागत. हिला सकाळी टेकडी हवी होती. तिसरा फ्लॅट. लिफ्ट नाही, पार्किंग नाही. त्याच पैशांत समोरच्या इमारतीत मोठा मिळत होता. पण इथे बेडरूमच्या खिडकीला लागून उंबर.’

बाई मध्येच थांबल्या. कागद खाली ठेवला, पुन्हा उचलला.

‘हे सगळं तुमच्या लक्षात आहे?’

‘दोन बस मी बदलत होतो,’ यजमान म्हणाले. ‘लक्षात राहणार नाही?’

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. थोडा अभिमानच होता. बाई रडल्या, पण ते रडणं पहिल्या भेटीतल्या रडण्यासारखं नव्हतं. मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड मिटून बसावं, हे मला मन लावून शिकावं लागलं आहे, आणि त्या दिवशी त्याचं चीज झालं.

मग बाई उंबराबद्दल बोलू लागल्या. फळं धरली की तांबट कसे येतात, राखी धनेशाची जोडी कुठल्या फांदीवर बसते, रात्री वटवाघळांची झुंबड कशी उडते. कुठल्या महिन्यात किती फळं धरली याच्या त्यांच्याकडे वह्या होत्या. इतक्या भेटींमध्ये या झाडाचा त्यांनी एकदाही उल्लेख केला नव्हता. ते माझ्या लक्षात आलं आणि मी विचारलं, ‘बाई, त्या उंबराचं आता काय चाललंय?’

दोघंही गप्प झाले. उत्तर यजमानांनी दिलं. ‘सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे. नव्या नकाशात त्या जागी पार्किंगचा रॅम्प आहे.’

नकाशा सभेत मांडला गेला त्याच महिन्यात बाई आंबोलीचा बंगला बघून आल्या होत्या.

माझ्यापुरतं कोडं इथे सुटलं. आंबोलीची ओढ खरीच होती, लहानपणापासूनची होती. पण आत्ताच्या आत्ता, भांडून का होईना, जायचंच ही घाई आंबोलीची नव्हती. ती उंबराची होती. जे झाड तोडलं जाताना बघायचं नाही, त्याच्यापासून लांब पळायचं होतं. आणि ‘माझं एकही वर्ष नाही’ म्हणणाऱ्या बाईंचं प्रत्येक घर त्यांच्या निसर्गप्रेमानेच निवडलं होतं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच विचारते: तुमचं हे प्रेम आजवर कुठे कुठे तुमच्या बाजूने कौल देत आलंय? माणसं म्हणतात, कुठेच नाही. मग हळूहळू आठवतं. गॅलरी पूर्वेला हवी म्हणून सोडलेला फ्लॅट, तळ्याकाठच्या गावी मागून घेतलेली बदली. सलीम अलींचं उदाहरण मी बऱ्याचदा देते. १९३० मध्ये नोकरी नसताना ते किहीमला जाऊन राहिले आणि तिथे सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा त्यांचा गाजलेला अभ्यास झाला. पण पुढे त्यांचं घर होतं मुंबईत, वांद्र्याच्या पाली हिलवर. पक्ष्यांसाठी देश पालथा घालणारा माणूस राहायला शहरात होता, म्हणून त्याचं प्रेम कमी ठरलं नाही.

दुसरं, निसर्ग तुम्हाला रोज कशासाठी लागतो ते नीट बघा. कुणाला हात मातीत घालायचे असतात. कुणाला चालायला टेकडी हवी असते. बाईंसारख्यांना एकच झाड वर्षानुवर्षं पाहायचं असतं. खिडकीतून दिसणारं झाडही थोडं नसतं. रॉजर उलरिख यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली.

जायचंच असेल तर डिसेंबरात जागा पाहून भुलू नका. जुलैत महिनाभर भाड्याने राहा, दोघांनी मिळून. वीज जाते तेव्हा काय होतं, औषध कुठून आणायचं, दिवसभरात कोणाशी बोलणं होतं, हे तेव्हाच कळतं. आपल्याकडे शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, त्यामुळे ‘स्वस्तातला एकर’ ऐकून पैसे देण्याआधी वकिलाला कागद दाखवा. आणि जोडीदाराची भीती म्हणजे तुमच्या प्रेमाला विरोध, असं समजू नका. छातीचं दुखणं एकदा अनुभवलेला माणूस रस्त्याची लांबी मोजणारच.

बाईंनी बंगल्याचा नाद तूर्त सोडला. त्याऐवजी दोघांनी मिळून आधी उंबराचं काम हाती घेतलं. महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांच्या झाडाला वारसा वृक्ष मानलं जातं. ते तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावावी लागतात. उंबराच्या वयाचा पुरावा बाईंच्या वह्यांत आणि जुन्या रहिवाशांच्या फोटोंत सापडला. हरकतीचा अर्ज यजमानांनी लिहिला, मुद्देसूद, तारीखवार. आर्किटेक्टबरोबर रॅम्पची जागा बदलण्याबद्दल अजून बोलणी चालू आहेत. निकाल काहीही लागू शकतो, हे दोघांनाही ठाऊक आहे.

मागच्या पावसाळ्यात त्यांनी आजऱ्यात भाड्याने घर घेतलं. तिथे बाईंची माहेरची माणसं आहेत आणि दवाखाना चालत जाण्याइतका जवळ आहे. बाई तिथून एसटीने आंबोलीला जाऊन येत. यजमान पंधरा दिवसांसाठी गेले होते, महिना राहिले. यंदा जुलै ते सप्टेंबर पुन्हा तिथेच जायचं ठरलंय. यजमानांची अट एकच आहे: नवरात्राआधी पुण्यात परत, त्यांच्या कट्ट्यावरच्या मित्रांना शब्द दिलाय.