मालवणात पहिल्यांदा जेवताना

मालवणला पहिल्यांदाच जाताय ना? मग खानावळीत बसल्याबसल्या सुरमई थाळी सांगू नका. आधी विचारा, "आज ताजं काय आलंय?" सुरमई पुण्या-मुंबईतही मिळते हो! मुडदुशे, सौंदाळे, तारली असं काही नाव कानावर आलं तर बिनधास्त तेच घ्या.

बांगड्याचं तिखलं मात्र चुकवू नका. त्यात काळपट, तोंड उघडलेली छोटी फळं दिसतील, ती तिरफळं. त्यांचा वास रश्शात उतरलेला असतो, त्यामुळे ती चावायची नाहीत, ताटाच्या कडेला काढून ठेवायची. चावलीत तर जीभ बधिर होते आणि पुढचे चार घास वाया जातात. सोलकढी निम्मी पिऊन टाका, निम्मी शेवटच्या भातावर घ्या. मला विचाराल तर जेवणातला सगळ्यात सुखाचा घास तोच.

१ जूनपासून निदान जुलैअखेरपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा गेलात तर खाडीचे मासे आहेत का ते विचारा, नाहीतर सुक्या जवळ्याची चटणी, सोड्याचं म्हणजे सुक्या कोळंबीचं कालवण मागा.

आणि सकाळी हॉटेलातल्या ब्रेड-बटरवर पोट भरू नका. आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ कुठे मिळते, ते रिक्षावाल्याला विचारा.