रजिस्टर भरलेलं, वजनकाटा बंद

प्रश्न : ताई, आमची शहाद्याची छोटी संस्था आहे. धडगाव तालुक्यातल्या काही पाड्यांवर नवजात बाळांसाठी आरोग्य विभागासोबत काम करायचं ठरलंय. ट्रेनिंगमध्ये सांगितलं की हे गडचिरोलीत सिद्ध झालंय, तसंच करा. पण इथे रजिस्टर फुल भरलेलं आणि वजनकाटा बंद! आशाताईंना विचारलं तर त्या रडवेल्या होतात. आम्ही करायचं काय?
– एक कार्यकर्ती

उत्तर : आधी आशाताईंना बोल लावणं बंद करा, काट्याचे सेल कोण आणणार ते विचारा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून बाळांची काळजी घरीच सुरू केली, तुलनेला दुसरी ४७ गावं होती, आणि १९९९ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आकडे आले तेव्हा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले. २०११पासून तेच देशभर आशांच्या घरभेटींत आलं : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२वा दिवस, बाळंतपण घरीच झालं तर पहिला दिवसही. हे दिवस सगळ्यांना पाठ झाले, पण गडचिरोलीत वरचेवर गावात येऊन त्या शिकवलेल्या बाईशेजारी बसून चुकलेलं परत शिकवणारं माणूस होतं ना, ते मात्र वाटेत गळलं. मला वाटतं तुमची जागा तीच आहे. अजून एक रजिस्टर काढू नका प्लीज, महिन्यातून दोनदा आशाताईसोबत घरभेटीला जा, पावरी बोलणारी एखादी मुलगी सोबत घ्या.

वजन, ऊब, अंगावरचं दूध, धोक्याची लक्षणं आणि भेटींचे दिवस, यात काटछाट नको. बाकी तुमच्या डोंगराप्रमाणे बदला. बाई बाळंतपणाला माहेरच्या पाड्यावर जाते आणि दोन्हीकडच्या आशांना वाटतं दुसरीने बघितलं असेल, तिथेच बाळ सुटतं. म्हणून सातव्या महिन्यातच दोघींना एकमेकींचे नंबर द्या, रेंज नसेल तर चिठ्ठी. आणि सेल, औषधं, गाडी कोण बघणार ते आरोग्य केंद्रासोबत लिहूनच घ्या, तोंडी ठरलेलं डॉक्टरांची बदली झाली की संपतं.

बाळ दगावलं तर महिन्याच्या मीटिंगमध्ये कुणावर बोट न ठेवता बोला, नाहीतर पुढचा मृत्यू रजिस्टरला येणारच नाही. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली घरं होळीला परततात, त्या आठवड्यात पाड्यावरच थांबा आणि बाहेर जन्मलेली बाळं तेव्हाच यादीत घ्या.