जुन्या छोट्या गाडीच्या तक्रारी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही आठवड्यांत आलेली बरीचशी पत्रे दहा ते अठरा वर्षे वापरात असलेल्या छोट्या गाड्यांविषयी आहेत. मायलेज, एसी, दारांचा खडखडाट या तक्रारी बाजूला ठेवून यावेळी फक्त जिवाशी गाठ असलेले प्रश्न निवडले आहेत. जवळपास प्रत्येक पत्रात एक वाक्य कुठेतरी येतेच : ‘गाडी आता जुनी झाली, एवढे चालायचेच.’ रंग उडाला, काचेला ओरखडे आले, तर खुशाल चालवून घ्यावे. खाली आलेल्या तक्रारींपैकी एकही चालवून घेण्याजोगी नाही, म्हणून उत्तरे सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : माझी हॅचबॅक चौदा वर्षांची आहे. आठ महिन्यांपासून डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा सतत लागलेला असतो. गाडी बाकी उत्तम चालते. ‘दिव्याचा बल्ब काढून टाकतो, कटकट मिटेल,’ असे मेकॅनिक म्हणतो. तसे करावे का?

उत्तर : मुळीच करू नका. किल्ली ‘ऑन’वर नेली की हा दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. तेवढ्या वेळात गाडीतला कंट्रोलर एअरबॅगचे सगळे सर्किट तपासून घेतो. दिवा विझला नाही, म्हणजे त्याला कुठेतरी दोष सापडला आहे, आणि दोष सापडल्यावर बहुतेक गाड्यांत ही यंत्रणा काही अंशी किंवा पूर्णपणे बंद राहते. टक्कर होताच सीटबेल्ट आवळून धरणारा प्रीटेन्शनरही याच यंत्रणेतला असतो, त्यामुळे बेल्ट लावूनही त्याचा पुरेसा उपयोग होईल याची खात्री नाही. थोडक्यात, आठ महिने तुम्ही एअरबॅग नसलेली गाडी चालवत आहात असेच धरून चाला. बल्ब काढल्याने दोष तसाच राहतो, आणि उद्या ही गाडी जो विकत घेईल त्याला तर तो कळण्याचाही मार्ग उरत नाही. जुनी गाडी बघायला गेल्यावर किल्ली फिरवून हा दिवा लागून विझतो का हे आधी पाहावे. तो एकदाही लागला नाही, तर कोणीतरी हात घातला आहे असा संशय घ्यायला हरकत नाही.

दोष दरवेळी मोठाच असतो असे नाही. दिव्याबरोबर हॉर्नही बंद पडला असेल, तर स्टिअरिंगच्या आतली गुंडाळीची पट्टी, जिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात, तुटलेली असण्याची शक्यता बरीच असते, कारण हॉर्न आणि ड्रायव्हरची एअरबॅग या दोघांचाही करंट तिच्यातूनच जातो. दुसरी नेहमीची जागा म्हणजे पुढच्या सीटखालचा पिवळा कनेक्टर. एका गाडीचा असाच दिवा शोधताना मी सीट पूर्ण मागे सरकवून बॅटरीच्या उजेडात खाली पाहिले, तर लहान मुलाची अर्धी पेन्सिल सीटच्या रुळात अडकून तिने कनेक्टर एका बाजूने उचकटला होता. ते पाहून जितके हायसे वाटले तितकेच वाईटही वाटले, कारण त्या पेन्सिलपायी ते कुटुंब कित्येक महिने एअरबॅगवाचून प्रवास करत होते. मात्र ही तपासणी स्वतः करू नका. एअरबॅगच्या वायरला मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावला तर बॅग तिथेच फुटू शकते. माहीतगार माणूस आधी बॅटरीची वायर काढतो, काही मिनिटे थांबतो आणि मगच पिवळ्या वायरिंगला हात लावतो.

या वयाच्या गाड्यांत आणखी एक धोका असतो आणि तो हा दिवा दाखवत नाही. ताकाता या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या डबीत, अमोनियम नायट्रेट वापरले जात असे. उष्ण, दमट हवेत, रोजच्या तापण्या-निवण्यात वर्षानुवर्षे राहिल्यावर ते ढासळते, मग पेटताना गरजेपेक्षा फार वेगाने जळते, धातूची डबी फुटते आणि तिचे तुकडे समोरच्या माणसाच्या तोंडावर, मानेवर येतात. 2008 मध्ये होंडाच्या काही गाड्यांपासून सुरू झालेली ही रिकॉल, म्हणजे दोष असलेल्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची मोहीम, पुढे अनेक कंपन्यांच्या मिळून जगभरातील सुमारे 10 कोटी इन्फ्लेटरपर्यंत पोहोचली आणि जून 2017 मध्ये ताकाताने दिवाळखोरी जाहीर केली. गाडीचे वय वाढते तसा हा धोका वाढत जातो, आणि हातोहात विकल्या गेलेल्या गाड्यांच्या सध्याच्या मालकापर्यंत कंपनीचे पत्र पोहोचतच नाही. म्हणून गाडीचा 17 अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे वाहन ओळख क्रमांक, कंपनीच्या वेबसाइटवर किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये देऊन रिकॉल बाकी आहे का हे आजच विचारा. या क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात, तेव्हा गंजलेल्या पट्टीवर ओ दिसला तर ते शून्य समजा. रिकॉल गाडीशी बांधलेली असते. तुम्ही तिसरे मालक असाल तरी दुरुस्ती मागण्याचा अधिकार तुमचाच आहे.

प्रश्न : माझी जुनी छोटी सेदान चालता चालता अचानक बंद पडते. स्टिअरिंग दगडासारखे जड होते. किल्ली पुन्हा फिरवली की लगेच सुरू होते. तीनदा असे झाले, तिन्ही वेळा खड्ड्यातून गाडी गेल्यावर. गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही.

उत्तर : ‘खड्ड्यातून गेल्यावर’ हे तुम्ही लिहिलेत, म्हणून शोधाची दिशा तरी मिळते. तुमच्या किल्लीच्या जुडग्यात किती किल्ल्या आहेत? इग्निशन स्विचच्या आत किल्लीला ‘ऑन’वर धरून ठेवणारा छोटा खटका असतो. तो झिजला किंवा मुळातच कमजोर असला, तर जड जुडग्याच्या ओढीने आणि धक्क्याने किल्ली एक घर मागे सरकते. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि सर्वांत वाईट म्हणजे एअरबॅगही बंद.

शेवरोले कोबाल्ट या छोट्या गाडीत आणि जनरल मोटर्सच्या तिच्या भावंडांत नेमके हेच होत होते. मालक गाडी बंद पडल्याच्या तक्रारी करत होते, कंपनीतल्या अभियंत्यांनाही दोष ठाऊक होता, पण बरीच वर्षे तो निव्वळ गैरसोय या सदरात मोजला गेला. रिकॉल सुरू झाली ती फेब्रुवारी 2014 मध्ये. ती सुमारे 26 लाख गाड्यांपर्यंत गेली आणि कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले. तुमच्या गाडीत हाच दोष आहे असे पत्रावरून म्हणता येणार नाही, पण ‘काहीच सापडत नाही’ एवढ्यावर थांबू नये, यासाठी हा दाखला पुरेसा आहे.

आजपासून इग्निशनला एकटी किल्ली लावा, जुडगा वेगळा ठेवा. नंतर मेकॅनिकला इंजिन चालू असताना, गाडी उभी ठेवून, किल्ली हलकेच मागे-पुढे हलवून बघायला सांगा. खटक्यात ढिलेपणा असेल तर हाताला कळतो. तसे नसेल तर बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची वायर पाहावी, कारण धक्क्याने तीही सुटते. क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिन फिरते आहे हे कळवणाऱ्या सेन्सरचा, दोष सहसा इंजिन तापल्यावर दिसतो आणि गाडी थंड झाली की आपोआप जातो, त्यामुळे तुमच्या वर्णनाशी तो फारसा जुळत नाही.

चौथ्यांदा असे झाले तर काय करायचे, हे आत्ताच मनात पक्के करून ठेवा. इंजिन बंद पडले तरी ब्रेकच्या बूस्टरमध्ये, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणाऱ्या भागात, एक-दोन दाबांपुरता व्हॅक्यूम शिल्लक असतो. पेडलवर वारंवार पाय मारून तो घालवू नका, एकदाच ठामपणे आणि एकसारखे दाबा. स्टिअरिंग जड झाले तरी वळते, दोन्ही हातांनी जोर लावा. गाडी न्यूट्रलला टाका, इशाऱ्याचे चारही दिवे लावा आणि कडेला या. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नका किंवा शेवटपर्यंत मागे फिरवू नका, कारण तसे केल्यास स्टिअरिंग लॉक होईल. आणि दोष सापडेपर्यंत ही गाडी वेगाच्या रस्त्यावर नेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : लांबच्या उतारावर ब्रेकचे पेडल मऊ होते आणि जवळजवळ तळाला जाते. थोडा वेळ थांबले की पुन्हा ठीक. पॅड नवे आहेत.

उत्तर : पॅड नवे असले तरी ब्रेक ऑइल किती जुने आहे? हे द्रव हवेतले पाणी शोषून घेते. डॉट 4 प्रतीचे नवे ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळले की हीच मर्यादा 155 अंशांवर येऊ शकते. डॉट 3 साठी हे आकडे 205 आणि 140 आहेत. उतारावर सतत ब्रेक लावल्याने चाकाजवळचा, पॅड दाबणारा कॅलिपर तापतो, ऑइल उकळून वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय मग ऑइलऐवजी वाफ दाबत बसतो. गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा द्रव होते, म्हणून गॅरेजपर्यंत जाईतो सगळे ठीक वाटते. ऑइल पूर्ण बदलून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घ्या, आणि पुढे साधारण दर दोन वर्षांनी ते बदलत जा. नुसते वरून भरणे उपयोगाचे नाही. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसण्याऐवजी खालचा गिअर घ्या. मात्र सपाटीवर, गाडी उभी असताना, दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जात असेल, तर तो मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या भागाचा, किंवा गळतीचा दोष आहे. मग गाडी चालवतच नेऊ नका, टो करून न्या.

प्रश्न : स्टेपनी कधीच वापरलेली नाही, रबर नवे दिसते. ती पुढे लावली तर चालेल ना?

उत्तर : टायरच्या बाजूला डॉट (DOT) या इंग्रजी अक्षरांपासून सुरू होणारा कोड असतो. त्याचे शेवटचे चार आकडे वाचा. 2312 असेल तर टायर 2012 च्या 23 व्या आठवड्यातला आहे. शेवटी तीनच आकडे असतील तर तो 2000 च्या आधीचा. टायर न वापरताही रबर कडक होते, आतले थर सुटू लागतात. वापरातला असो वा स्टेपनी, दहा वर्षांवरचा टायर बदलावा असा अनेक उत्पादकांचा सल्ला आहे. तुमच्या गाडीच्या वयाकडे पाहता ही स्टेपनी गाडीबरोबरच आलेली असेल, तर ती लावू नका.

प्रश्न : आमची गाडी तिच्या काळात सुरक्षित समजली जायची. नवी घेण्याची निकड नाही. पत्रा तर जुन्या गाड्यांचाच जाड असतो, मग काळजी का करावी?

उत्तर : पत्रा जाड असणे आणि माणूस वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील चाचणी संस्था अँकॅपने 2017 मध्ये 1998 ची आणि 2015 ची अशा दोन टोयोटा कोरोला ताशी 64 किलोमीटर वेगाने समोरासमोर धडकवल्या. नव्या गाडीला 16 पैकी 12.93 गुण मिळाले. जुनीला मिळाले 0.40. एकच नाव, एकच वर्ग, मध्ये सतरा वर्षे. जुन्या गाडीचा सांगाडाच ड्रायव्हरच्या बाजूने आत आला. नव्या गाडीचा पुढचा भाग ठरवून चुरगळतो आणि बसण्याची जागा शाबूत ठेवतो. शिवाय चाचणी संस्था सुरक्षेसाठी देतात ते तारांकन त्या त्या वर्षीच्या कसोट्यांवर असते. जुन्या वर्षीचे चार तारे आजच्या चार ताऱ्यांशी ताडून पाहता येत नाहीत.

त्यात गंजाची भर पडते. दाराखालचा सिल, सस्पेन्शन जिथे बोल्टने धरले आहे ती जागा आणि सीटबेल्टचा खालचा बोल्ट या तीन ठिकाणी गाडी लिफ्टवर चढवून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघायला सांगा. आवाज खणखणीत यायला हवा. बद आवाज आला किंवा पापुद्रे निघाले, तर वरून पुट्टी आणि रंग मारून भागणार नाही. नवी गाडी लगेच घ्या असे मी म्हणत नाही, कारण प्रत्येकाला ते शक्य नसते. पण घरात दोन गाड्या असतील तर लांबच्या प्रवासाला आणि नवशिक्या मुलांच्या हाती जुनी गाडी देण्याची जी सर्वत्र पद्धत आहे, ती तेवढी उलटी करा.

प्रश्न : सर्व्हिस सेंटरमध्ये तक्रार केली की ‘या मॉडेलला असे होतेच’ असे उत्तर मिळते. आमचे कोणी ऐकत नाही. काय करावे?

उत्तर : ‘या मॉडेलला असे होतेच’ हे उत्तर मिळाले तर ते लिहून मागा, कारण तीच तुमच्या बाजूची सर्वांत मोठी नोंद आहे. अनेक गाड्यांत एकच दोष वारंवार येतो, असे ते स्वतःच सांगत आहेत. जॉबकार्डवर ‘गाडी तपासली, ठीक आहे’ एवढेच लिहिलेले असेल तर सही करण्याआधी तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहायला लावा : तारीख, किलोमीटरचा आकडा, त्या वेळचा वेग, इंजिन थंड होते की तापलेले, रस्ता ओला की कोरडा, कोणता दिवा लागला. दिव्याचा फोटो काढा. ‘गाडी कधीकधी विचित्र वागते’ या तक्रारीवर कोणालाच काही करता येत नाही. ‘ताशी 50 च्या वेगात डावीकडे वळताना इंजिन बंद, एकाच महिन्यात तीनदा’ यावर करता येते. हेच पत्र व्हीआयएनसह कंपनीला आणि तुमच्याकडच्या वाहन सुरक्षा यंत्रणेला पाठवा. रिकॉलचा निर्णय बहुधा अशा विखुरलेल्या तक्रारी एका ठिकाणी जमल्यावरच होतो.

बदललेला पार्टही मागून घ्या आणि पिशवीत घालून त्यावर तारीख लिहून ठेवा. वर उल्लेखलेल्या इग्निशन स्विचच्या प्रकरणात कंपनीने मध्येच स्विचची रचना सुधारली होती, पण पार्ट नंबर तोच ठेवला होता, त्यामुळे कागदोपत्री काहीच बदललेले दिसत नव्हते. एका अपघातात दगावलेल्या तरुणीच्या कुटुंबाच्या बाजूने काम करणाऱ्या अभियंत्याने तिच्या गाडीतला जुना स्विच आणि बाजारातून आणलेला नवा स्विच उघडून शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा आतल्या खटक्यांच्या लांबीतला फरक उघड झाला.