एकाच वेताची दोन पिल्लं, पण तऱ्हा दोन

दादा, तुमच्या कुत्र्याच्या दोन पिल्लांपैकी एक उडत्या पिशवीमागे धावतं आणि दुसरं ढुंकूनही बघत नाही, म्हणून दुसरं बिघडलंय असं समजू नका. सख्ख्या भावंडांतही आई-बापाची देणगी वेगवेगळी वाटली जाते. माझ्याकडे नाशिकजवळ मखमलाबादला एकाच वेताची दोन कारवानी (शिकारी जातीची, सडपातळ, वेगात पळणारी कुत्री) होती, राणी आणि वाघ्या. द्राक्षबागेत ससा हलला की राणी कान मागे टाकून सुटायची. वाघ्या बांधावर बसून जांभया द्यायचा. पण रात्री फाटकापाशी पान वाजलं तरी उठायचा तो वाघ्याच.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- ३ ते १४ आठवड्यांच्या वयात माणसं, गाड्या, शेळ्या, कोंबड्या दाखवा. लसी पूर्ण होईपर्यंत कडेवर घेऊनच.
- दोघांना रोज वेगळं फिरवा. सतत जोडीनेच वाढली तर एकमेकांतच गुंततात.
- पळणाऱ्या पिल्लाला लांब दोरीवर हाकेला परत यायला शिकवा. आलं की खाऊ. उशिरा आलं म्हणून फटका दिलात तर पुढच्या वेळी ते येणारच नाही. राणीच्या बाबतीत मी हेच केलं आणि सहा महिने निस्तरत बसलो.

थंड पिल्लाला चेव आणायला सशामागे सोडू नका. खरं तर कुणालाच नको. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे. दोरीला चिंधी बांधून ओढा, राणीसारख्यांची हौस तेवढ्यावर फिटते.

दोघांनाही रात्री अंगणात बांधू नका, आपल्याकडे उसात बिबट्या असतो.