त्वचेच्या तक्रारीसाठी फॅमिली डॉक्टरांकडे जाण्यात अर्थ आहे का?

कमरेभोवती आणि जांघेत उठणारे खाजरे चट्टे मलम लावले की बसतात आणि थांबवले की पुन्हा उठतात, तर फॅमिली डॉक्टरांकडे वेळ दवडण्याऐवजी थेट त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे का, असे आपण विचारले आहे. मी स्वतः फॅमिली डॉक्टर असल्यामुळे हा प्रश्न मला झोंबला. पण तो चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही.

आपण वर्णन केले आहे तसे चट्टे बहुधा नायट्याचे, म्हणजे त्वचेवरील बुरशीचे असतात, आणि ते वारंवार उलटत असतील तर त्यांवर स्टेरॉइड मिसळलेले मलम लागत असल्याचा दाट संशय घ्यावा. स्टेरॉइडमुळे त्वचेची प्रतिक्रिया दबते, म्हणून लाली आणि खाज दोन दिवसांत उतरते. बुरशी मात्र आत निवांत पसरत राहते. नायट्याची उठावदार, खपल्यांची कड पुसट होते, एका कड्याच्या आत दुसरे कडे दिसू लागते आणि मग पाहणाऱ्याला ते इसब वाटते. या वेषांतर केलेल्या नायट्याचे वर्णन त्वचारोगतज्ज्ञ आइव्ह आणि मार्क्स यांनी १९६८ मध्येच करून ठेवले आहे.

मी ज्या दवाखान्यात उमेदवारी केली, तेथील ज्येष्ठ डॉक्टर प्रत्येक चट्ट्याला स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेले मलम देत असत. ‘तिन्हींपैकी एक तरी लागू पडेल’ हे त्यांचे तत्त्व होते आणि माझ्या टेबलावरील सूक्ष्मदर्शकाला ते ‘खेळणे’ म्हणत. त्यांचा एक जुना रुग्ण एकदा माझ्यापुढे बसला. चट्टे कमरेपासून मांड्यांपर्यंत उतरले होते आणि जांघेतील त्वचा पातळ होऊन तिच्यावर गरोदरपणात पोटावर पडतात तसे व्रण पडले होते. मी बोथट पात्याने चट्ट्याच्या मधून नव्हे, तर कडेवरून खपली खरवडली, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, पेशी पारदर्शक होईपर्यंत थांबलो आणि प्रकाश कमी करून पाहिले. पेशींच्या कडा ओलांडून जाणारे, फांद्या फुटलेले बुरशीचे धागे इतके होते की शोधावे लागलेच नाहीत. घरात आणखी कोणाला खाज आहे का, हे त्यांना तोवर कोणी विचारलेच नव्हते. पत्नीला होती, मुलालाही होती, आणि टॉवेल सर्वांचा एकच होता.

ते मलम बंद केल्यावर आधी भडका उडेल, हे मी त्यांना बजावले होते. तसा तो उडाला, ते चिडून ज्येष्ठांकडे गेले आणि तीच ट्यूब पुन्हा घेऊन आले. त्या दिवशी आमचा जो वाद झाला, तो आजही मिटलेला नाही. घरातील सर्वांवर एकाच वेळी उपचार केले, त्या गृहस्थांना यकृताचा आजार नसल्याची खात्री करून टर्बिनाफिन या बुरशीनाशकाच्या गोळ्या दिल्या आणि चट्टे गेल्यानंतरही औषध चालू ठेवले, तेव्हा कुठे त्यांची त्वचा स्वच्छ झाली. रुग्णाला लवकर आराम हवा असतो हे ज्येष्ठांचे म्हणणे मला मान्य आहे. पण निदान टाळून दिलेला आराम हा उपचार नव्हे, आणि दहा मिनिटांची तपासणी ज्याला जड वाटते, त्याने त्वचेचे रुग्ण तपासूच नयेत.

तेव्हा कडेची खपली तपासणारा, घरच्यांची चौकशी करणारा आणि ट्यूबवरील घटक वाचणारा फॅमिली डॉक्टर असेल, तर आधी त्याच्याकडेच जा. नसेल तर तज्ज्ञांकडे जा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही नावे ट्यूबवर दिसली तर ती स्टेरॉइडे आहेत, हे लक्षात ठेवा. खपली तपासण्यापूर्वी बुरशीनाशक लावलेले असेल तर तपासणीत काही न सापडण्याचाही संभव असतो, म्हणून काय काय लावले ते लपवू नका.

मी आपले चट्टे पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे निदान समजू नये. चट्टा फिकट असून तेथे स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्यावी. तीळ आकार किंवा रंग बदलत असेल तर तज्ज्ञांना दाखवावे. आणि नवीन औषधानंतर ताप, तोंडात फोड व सोलवटणारी त्वचा अशी लक्षणे दिसली तर ते औषध थांबवून थेट रुग्णालय गाठावे.

आणखी एक गोष्ट, कारण ज्येष्ठांनी मला ‘स्टेरॉइडला घाबरणारा’ म्हटले होते. इसबाला योग्य ताकदीचे स्टेरॉइड मी निःसंकोच देतो, आणि बोटाच्या पेरभर मलम, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, प्रौढाच्या बोटांसह दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते, हेही प्रत्येकाला सांगतो. माझा आक्षेप औषधाला नसून, काय झाले आहे हे न पाहता ते देण्याला आहे.